आतून लावलेली कडी

बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं उलटल्यावर वालूरच्या शाळेत माझी बदली झाली. गावात ख्रिस्ती घर माझं एकटीचंच. मी वाढले मिशनच्या वसतिगृहात. आपलं वागणं बघून लोकांना येशू कळला पाहिजे, असं तिथं मनावर बिंबवलेलं. म्हणून मी घर लख्ख ठेवलं, खिडकीला पडदा लावला, आणि रोज संध्याकाळी दाराला कडी लावून, गुडघे टेकून मागायची की प्रभू, कुणाला तरी माझ्या दारी पाठव.

सहा महिने कुणी फिरकलं नाही. मी जात्याच तापट. आधी गावावर रुसले, मग थोडीशी देवावरही.

दिवाळी झाली. चौथीतली माझी सगळ्यात हुशार मुलगी धनगराची होती. एक दिवस ती मी दिलेली पाटी परत करायला आली. उद्या पहाटे घरचे सगळे मेंढरं घेऊन जिंतूरकडच्या डोंगरात निघणार होते, आणि तिलाही नेणार होते. म्हणजे शाळा संपली. मी भडकले. तिच्या आईनं मला एका शब्दानं सांगू नये? पोर खाली मान घालून म्हणाली,

"आई तीन दिस आलती, बाई. दारात खाकरली. तुमी देवासंगं बोलायलाव म्हनून माघारी गेली."

ते खाकरणं मी तिन्ही दिवस ऐकलं होतं. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला तरी खोकला झालाय असं समजून मी आणखी मोठ्यानं प्रार्थना केली होती. इथं कुणी कडी वाजवत नाही. दाराशी येऊन खाकरायचं आणि आतून आवाज येईपर्यंत थांबायचं, एवढी साधी रीत मला सहा महिन्यांत कळली नव्हती. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर हसूही आलं.

शाळा सुटताच त्यांच्या घरी गेले. बायबलातली चांगल्या मेंढपाळाची गोष्ट मला तोंडपाठ, पण खऱ्या मेंढपाळाशी तोवर चार शब्द बोलले नव्हते. दाराशी उभी राहून खाकरले. आईनं घोंगडी अंथरली, चहा टाकला. आम्ही परत येईपर्यंत पोर तुमच्याकडं राहील का, एवढंच तिला विचारायचं होतं. बाप मात्र तयार होईना. त्यानं बिडी विझवली.

"तुमच्या दाराला कडी असती, बाई. पोर रडली तर कुनाला कळंल?"

एरवी मी चिडले असते. पण तो खरं बोलत होता. मी म्हणाले, आजपासून निजेपर्यंत दार उघडं राहील, तुमच्या भावकीतल्या कुणीही कधीही येऊन बघून जावं. त्यानं विझलेली बिडी कानामागं खोचली. मग बायकोला म्हणाला, पोरीचं अंथरूण वेगळं बांध.

ती राहिली. तिला बघायला आधी चुलती आली, मग चुलतीची शेजारीण, मग पत्रं वाचून घ्यायला निम्मी गल्ली. मी आता उंबऱ्याजवळ बसून प्रार्थना करायची. अर्ध्यावर आले की बाहेर कुणीतरी खाकरायचंच. त्या वर्षी माझी एकही प्रार्थना आमेनपर्यंत पोचली नाही. कारण मी ओ द्यायच्या आत ती पोर आतून हाक द्यायची,

"या की. बाई देवासंगंच बोलायल्यात."