मागच्या चाकाखालचं लिंबू

अंबडच्या आमच्या गॅरेजात व्हील अलाइनमेंटचं यंत्र आलं तेव्हा ते शिकायला मीच गेले. नवरा कंपनीत शिफ्टला जाई आणि सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, पडद्यावरचे आकडे आवडत नसत. त्यांचा जन्म ट्रकखाली गेला होता. चाक कुठे ओढतंय हे ते हाताने सांगत. यंत्रावर बाई उभी राहणं त्यांना पटलेलं नव्हतं. "दसऱ्यापर्यंत कर सूनबाई," ते म्हणाले होते. "एक जरी गाडी परत आली, तर माणूस ठेवू."

नव्वदच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. खंडेनवमीला सकाळी गावातले एक दातांचे डॉक्टर त्यांची जपानी स्पोर्ट्स कार अलाइनमेंटसाठी ठेवून गेले. दोन दारांची, जमिनीला टेकलेली लाल गाडी त्यांनी मुंबईहून जुनीच घेतली होती. रविवारी मैदानावर टायर मांडून त्यांमधून नागमोडी गाडी पळवायची स्पर्धा होती आणि डॉक्टरांनी त्यात नाव दिलं होतं.

त्या दिवशी गॅरेजातल्या सगळ्या गाड्यांची पूजा होते. अण्णांनी चारही चाकांपुढे लिंबं ठेवली. लिंबांवरून गाडी पुढे घ्यायला मी आत बसले आणि उभ्या गाडीतच स्टेअरिंग फिरवलं. मागच्या चाकाने हलून लिंबू बाहेर ढकललं.

"थांब!" अण्णा ओरडले. "मागचं चाक वळलं!"

ते गाडीखाली गेले आणि हसतच बाहेर आले. "पुढनं मागं दांडा टाकलाय. मुंबईत कुणीतरी लय मोठा जुगाड करून ठेवलाय. ट्रकचं मागचं चाक असं वळलं असतं तर घाटातून मी घरी आलो असतो का?"

त्यांनी तो दांडा सोडवला आणि मागची चाकं सरळ करून लोखंडी पट्टीने आवळून टाकली. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, कारण आता मागचे आकडे जागचे हलत नव्हते. अलाइनमेंट छान जुळली.

दसऱ्याच्या सकाळी डॉक्टर गाडी घेऊन गेले आणि तासाभरात परत आले.

"वहिनी, माझ्या गाडीला काय केलंत? कोपऱ्यावर वळायला दोनदा मागे घ्यावी लागली. हायवेला लेन बदलली तर शेपूट मागून झटका देतंय. मागची चाकं वळत होती, कंपनीनेच ती तशी बनवलीत. त्यासाठीच तर ही गाडी घेतली!"

अण्णा म्हणाले, "डॉक्टर, चारी चाकं वळणारी गाडी नसते."

"मग मी दोन महिने काय चालवत होतो? बैलगाडी?"

ते गाडी मुंबईला न्यायला निघाले होते. मी एक तास मागितला. परत आलेली गाडी ती हीच, हे अण्णांनी बोलून दाखवायची गरज नव्हती.

पट्टी काढली. दांडा सोडवताना अण्णांनी सवयीने छिन्नीची खूण केली होती, त्याच खुणेवर तो परत बसवला. चारही चाकं फिरत्या पाटांवर घेतली, मागच्या चाकांलगत खडूने रेघा मारल्या आणि डॉक्टरांना स्टेअरिंग हळूहळू फिरवायला सांगितलं. थोडं फिरवलं तेव्हा मागची चाकं पुढच्यांच्याच बाजूला किंचित कलली. आणखी फिरवलं तर सरळ झाली. पूर्ण फिरवलं तर चक्क उलट दिशेला वळली. म्हणजे हायवेला स्टेअरिंग जेमतेम हलतं, तेव्हा पुढचं-मागचं एकदम सरकतं आणि शेपूट ओढत राहत नाही. गल्लीत पूर्ण वळवलं की मागचा भाग बाहेर फिरतो आणि गाडी थोडक्या जागेत वळते. मग मागचं मधोमध आणून सगळी अलाइनमेंट पुन्हा केली. कालचे आकडे बरोबर होते, पण ते बांधलेल्या गाडीचे होते.

समोरच्या मोकळ्या प्लॉटवर जुने टायर मांडून डॉक्टरांनी गाडी त्यांमधून काढली. कंबर न हलवता चालणाऱ्या माणसासारखी ती या टायरकडून त्या टायरकडे जात होती. अण्णा कंपाउंडला टेकून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "मला द्या."

ते एका दमात वळले, परत आले, पुन्हा वळले. मग गाडी भिंतीलगत उभी केली आणि तिथून बाहेर काढायला त्यांनी स्टेअरिंग पूर्ण फिरवलं.

"अण्णा, मागचा भाग भिंतीकडे जाईल!" मी ओरडले.

भिंत चार बोटांवर असताना त्यांनी ब्रेक मारला, खाली उतरून ते अंतर पाहिलं आणि चावी डॉक्टरांना दिली. "जुगाड चांगला हाय," एवढंच बोलले.

रविवारी डॉक्टर तिसरे आले आणि पेढे घेऊन आले. माणूस ठेवायचा विषय पुन्हा निघाला नाही. ते यंत्र पुढे बारा वर्षं मी चालवलं. पुढच्या खंडेनवमीपासून अण्णा लिंबं ठेवण्याआधी मला विचारत, "स्टेअरिंग सरळ हाय ना?" समोर ट्रक असला तरी विचारत.