उन्हातली बरणी

माझ्या वडिलांनी चहातली साखर सोडली त्याला बरीच वर्षं झाली. कुणाच्या बारशाला पेढा पुढे आला तरी ते लांबूनच हात जोडत. गणपतीतला मोदकसुद्धा नातवंडांच्या ताटात सरकवत. आम्हाला त्याचं कोण कौतुक!

पण मे महिन्यात परसातले रातांबे पिकले की त्यांना चेव यायचा. रातांबे स्वतः फोडायचे, बिया काढायचे, सालींच्या वाट्यांत साखर भरायचे आणि बरणी रोज उन्हात ठेवायचे. त्या अमृत कोकमाचा पेला दुपारच्या जेवणानंतर ठरलेला, भर पावसाळ्यातसुद्धा. "औषध आहे गो. पित्तावर, उष्णतेवर," म्हणायचे. पहिली बाटली वेळणेश्वरला माझ्या मोठ्या आत्याकडे जायची. मधुमेह तिलाही आहे. बहिणीला चालेल असं गोड तेवढंच, अशी त्यांची समजूत.

यंदा परसाच्या दगडी कुंपणाचा, गडग्याचा, चिरा निसटून त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. जखम काही केल्या भरेना, अंगठा काळा पडत चालला. रत्नागिरीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून विचारलं, "गोड काय खाता?"

"काही नाही," वडील ताठ मानेनं म्हणाले.

"कोकम घेतात रोज," मी म्हटलं.

"घरचं? कसं करता?"

वडील खुलले. "रातांब्याच्या वाट्या करायच्या. त्यात साखर भरायची, अगदी शिगोशीग. पाण्याचा थेंब नाही हं! मग उन्हात ती साखर विरघळते आणि..." ते थांबले. माझ्याकडे वळून बारीक आवाजात म्हणाले, "म्हणजे ती जाते कुठं गो?"

जाते कुठं! डोंबलाचं औषध! मला अशी चीड आली, आणि त्यांचा तो चेहरा बघून रडूही आलं. इतकी वर्षं जीभ मारून जगलेला माणूस तो.

अंगठा काढावा लागेल, उशीर केला तर पाय जाईल, असं बाईंनी सांगितलं. वडिलांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, "आधी आत्याला फोन लाव."

मी तिथंच बाकावर बसून फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अक्का, ती कोकमाची बाटली..." वडील फोनवर वाकले.

"अरे, संपली की ती!" पलीकडून आत्या हसली. "हल्ली डोळ्यांना नीट दिसत नाही रे, म्हणून सकाळ-संध्याकाळ घेत होते. दुसरी कधी पाठवतोस?"