सांगायचं राहिलेलं नाव

मनोहर तायडे गेल्याचं त्याच्या मुलीनं, सुनीतानं, अकोल्याहून फोन करून सांगितलं. "दुपारी जेवून पडले, काका... उठलेच नाहीत." मी अमरावतीत मेथी निवडत बसलो होतो. फोन ठेवल्यावरही बराच वेळ निवडतच राहिलो.

माझा मित्र मनोहर हेरगिरीचा इतिहासकार. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात कोण कोणाची खबर पोचवत होतं, यावर त्याची तीन पुस्तकं आहेत. हा नाद कुठून लागला असं विचारलं, की तो बापाच्या भाजीच्या दुकानाचं नाव घ्यायचा. बाप रद्दीतल्या रहस्यकथांची पानं फाडून मिरच्या बांधून द्यायचा आणि पोरगं उरलेलं वाचायचं. "शेवट नेमका गिऱ्हाईकाच्या घरी जाये. मंग खुनी कोन, हे मलेच शोधा लागे."

त्याचा एक नेम होता. जुन्या दप्तरात खबऱ्याचं नाव सापडलं, की आधी त्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि नातवंडांना तोंडावर सांगायचं. सांगितल्याशिवाय छापायचं नाही. धारणीत त्याला एका घरच्यांनी हाकललं, अचलपुरात एका म्हातारीनं जेवू घातलं. पुरावा हातात असताना हे सोपस्कार कशाला, म्हणून मी चिडायचो. "लेका, मेलेला मानूस वाचत नाई. त्याचा नातू वाचते."

चौथं पुस्तक मात्र अडलं. भूमिगत झालेल्या एका मास्तरांना कोणी पकडून दिलं, त्याची ती हकिगत. काहून अडलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "एका घरी घडीघडी जातो, पन माहं तोंडच उघडत नाई." मी त्याला भित्रा म्हणालो, वर हसलो. हे बोलणं माझ्याच घरी, चहा पिताना झालं. तीस वर्षं तो एसटीनं चहाला येतच होता. त्यातला कोणता चहा त्या कामाचा, हे मला कसं कळावं?

गेल्या आठवड्यात सुनीतानं फाईल समोर ठेवली. खबऱ्याचं नाव माझ्या आजोबांचं होतं. समासात पेन्सिलीनं माझ्याकडे आल्याच्या तारखा, प्रत्येकीपुढे एकच शब्द: राहिलं.

फार राग आला. आजोबांचा, मनोहरचा, माझ्या त्या हसण्याचा. घरी मुलाला वाचून दाखवलं. "जाऊ द्या ना बाबा, कोनाले मालूम आहे?" तो म्हणाला.

मला मालूम आहे. सुनीता, मास्तरांना पकडून देणारे नथ्थूजी इंगोले माझे आजोबा. त्यांच्या नातवाला सांगून झालं आहे. पुस्तक छापायला दे.