दुपारच्या विमानांना विरोध

कोपरीतली आमची सोसायटी चार मजल्यांची होती आणि विमानं तिच्या डोक्यावरून जायची. खाडीकडून वळून ती मुंबईकडे खाली यायला लागत. परदेशातली विमानं बहुतेक रात्रीच येत, तेव्हा खिडक्यांची तावदानं थरथरायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी कॉलेजात होते. या विमानांनी आमच्या घरात कुणाची झोप मोडल्याचं मला आठवत नाही. बाबांच्या घोरण्यापुढे विमानाची काय टाप होती!

पण तिसऱ्या मजल्यावरचे काका रिटायर झाले. रिटायर झालेल्या माणसाला एक शत्रू लागतो. काकांनी विमान निवडलं. एका रविवारी जिन्यात बाबांना गाठून ते म्हणाले, "काल रात्रीचं ऐकलंत ना?" बाबांनी काहीएक ऐकलं नव्हतं. पण ते सोसायटीचे चेअरमन होते, आणि बिल्डिंगवरून काय गेलं हे चेअरमनला माहीत नाही असं कसं चालेल?

"ऐकलं म्हणजे काय!" बाबा म्हणाले. "दचकून उठलेलो."

झालं, शांतता समिती निघाली. तिच्या बैठका आमच्या बाहेरच्या खोलीत व्हायच्या आणि त्यांचा गोंगाट स्टेशनपर्यंत जात असावा. विमानं रात्री दहानंतर बंद व्हावीत की अकरानंतर, यावरून दोन घरांचं जाणं-येणं बंद झालं. मग आवाजाची खात्री करून घ्यायला समितीचे लोक आळीपाळीने गच्चीवर जागायला लागले. ज्यांची झोप विमानाने कधी मोडली नव्हती, ते आता ती मोडते का हे बघायला जागत होते. जागायचं म्हणजे चहा लागणार, आणि चहा आई करायची.

आईचा दिवस इथे सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे यायचं आणि तासाभरात जायचं. आई अंधारात उठून पिंप, हंडे, कळशा, उरलंच तर पातेलीसुद्धा भरून ठेवायची. मग बाबांचा डबा, माझा डबा, पूजा, धुणं, दळण, बाजार. जेवण उरकलं की दुपारी दीड ते तीन ती आतल्या खोलीत चटईवर आडवी व्हायची. त्या वेळात बेल वाजवायची नाही हे भंगारवाल्यालाही ठाऊक होतं. फक्त बाबांना ठाऊक नव्हतं, कारण दुपारी ते ऑफिसात असायचे आणि रविवारी जेवण झाल्या झाल्या तेच घोरत पडायचे.

शेवटी समितीने एक साहेब मिळवला. बाबांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीतला, विमानतळावर नोकरीला असलेला. रविवारी संध्याकाळी गच्चीवर सतरंज्या घातल्या, साहेबांना खुर्ची दिली, हार-नारळ झाला. बिल्डिंगमधल्या बायका पोह्यांच्या बशा घेऊन मागे उभ्या. काकांनी कानठळ्या, रक्तदाब, नातवंडांचा अभ्यास असं सगळं घालून भाषण केलं आणि शेवटी आभाळाकडे हात करून म्हणाले, "आता तुम्हीच ऐका!" सगळ्यांनी माना वर केल्या. एक घार तेवढी गेली. समिती बराच वेळ आभाळाकडे आशेने बघत बसली आणि साहेबांनी तेवढ्यात पोहे संपवले.

माणूस मात्र भला होता. "तुमचं म्हणणं रास्त आहे," साहेब म्हणाले. "रात्रीची काही विमानं दिवसा आणता येतील. दुपारी एक ते चार तशी वर्दळ कमी असते." समितीने टाळ्या वाजवल्या. काकांनी तर आपले पोहे साहेबांच्या बशीत ओतले.

आई चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिने तो सतरंजीवर ठेवला आणि म्हणाली, "दुपारी नकोत."

"अगं, काय नकोत?" बाबा म्हणाले.

"विमानं. रात्री येतात तशीच येऊ देत. हवं तर आणखी येऊ देत."

"आणि आमच्या झोपेचं काय?"

"तुमच्या? उशाशी विमान उतरवलं तरी म्हणाल, दिवा घालवा."

बायका खळखळून हसल्या. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण त्याही म्हणाल्या, "बरोबर आहे. दुपारला हात नाही लावायचा." साहेबांनी पाणी मागितलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत रात्रीची विमानं राहू द्या म्हणणारी माणसं आपल्याला पहिल्यांदाच भेटली, असं ते म्हणाले. काकांनी लगेच प्रश्न मताला टाकला. मत सभासदाला, आणि ज्याच्या नावावर फ्लॅट तो सभासद. आमच्या सोसायटीत एकही फ्लॅट बाईच्या नावावर नव्हता. दुपारच्या विमानांचा ठराव बिनविरोध मंजूर झाला आणि बायकांनी रिकाम्या बशा गोळा केल्या.

मला संताप आला. आईला आलेला दिसेना, म्हणून जास्तच आला. रात्री वाढता वाढता ती म्हणाली, "दुपार जाणार असेल तर तेवढी विश्रांती मला दुसरीकडून काढावी लागेल."

"काढ की!" बाबा म्हणाले. माणूस सरळ होता, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिने ती पहाटेतून काढली. सकाळी मला जाग आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं आणि बाबा तोंडाला दाढीचा साबण फासून नळापाशी उभे होते. नळ फुसफुसत होता.

"अगं, पाणी!"

"येऊन गेलं असेल," आई पांघरुणातूनच म्हणाली.

"मग डबा?"

"पाण्याशिवाय कसला डबा?"

मी दार उघडलं तर जिन्यात अख्खी समिती हजर. कुणी बनियनवर, कुणी तोंडात पेस्टचा फेस धरून. बायका घरोघरी झोपल्या होत्या, निदान तसं दाखवत तरी होत्या. काका कळशी घेऊन मागच्या चाळीत पाणी मागायला गेले, तर तिथल्या एका बाईने विचारलं, "का हो, तुमच्या बिल्डिंगीत बायका नाय राहत?" काका रिकामी कळशी घेऊन परतले.

तीन दिवस हे असंच चाललं. मधल्या पहाटे बाबांनी गजर लावून पाणी भरायचा प्रयत्न केला, पण गजर मलाच ऐकू आला आणि मी तो बंद केला. मला अजून त्याचा अभिमान वाटतो. तिसऱ्या दिवशी बाबा कानामागे सुकलेला साबण घेऊनच ऑफिसला गेले. त्या संध्याकाळी जिन्यातच सभा झाली आणि विमानं रात्रीच यावीत असा नवा ठराव मंजूर झाला, हाही बिनविरोध. विमानांनी दोन्ही ठराव मनावर घेतले नाहीत. ती पूर्वीसारखीच येत राहिली. आमचे साहेब विमानतळावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यांचं काम बघायचे, हे पुढे त्या मेव्हण्याकडून कळलं.

त्यानंतरच्या शनिवारी बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी घरी आले. मी बाहेरच्या खोलीत वाचत होते. त्यांनी आत डोकावून पाहिलं. आई चटईवर पडली होती, पण डोळे टक्क उघडे होते.

"जागीच आहेस की!" बाबा चिडले. "झोपत नाहीस, तर एवढं महाभारत कशाला केलंस?"

"झोप कधी लागते, कधी नाही," आई पंख्याकडे बघत म्हणाली. "पण तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही."

बाबा दारातच थांबले. ते चहा सांगायलाच तिथे गेले होते, हे मला त्यांच्या पाठीवरूनसुद्धा दिसत होतं. मग ते स्वयंपाकघरात गेले. पातेलं पडलं, झाकण पडलं, गाळणं कुठेतरी घरंगळत गेलं. फडताळातला एकेक डबा उघडून बंद केल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"अगं, साख—" बाबा म्हणाले, आणि गप्प झाले.

मग ते कप घेऊन बाहेर आले, माझ्यासमोर बसले आणि तो बिनसाखरेचा चहा शेवटपर्यंत प्यायले.