दिरांची गाय बसली तेव्हा

तिची तांबडी गाय चौथ्यांदा व्याली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसली ती उठेनाच. कान गार, मान पोटाकडे वळलेली. थोरले दीर गुरांना औषधपाणी करायचे; शिक्षण नव्हतं, पण रुबाब डॉक्टरचा. त्यांनी गाईचं तोंड वर धरून दोन बाटल्या काढा घशात ओतला. तिला गिळायचीही ताकद नव्हती. काढा फुप्फुसात गेला आणि दुपारच्या आत तिनं मान टाकली. वर दीर गल्लीभर सांगत सुटले, की भावजयीनंच गाईची हयगय केली. नवऱ्यानंही भावाचीच री ओढली. ते तिच्या जिव्हारी लागलं.

ती रडत बसली नाही. दूध संस्थेच्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली राहून शीर शोधण्यापासून सगळं शिकली. तांबडीला दुग्धज्वर झाला होता, हे तिथं कळलं. नावाला ज्वर, पण अंग गार पडतं. व्याल्यावर दूध उतरतं आणि रक्तातलं कॅल्शियम एकदम घटतं.

मग तिनं दिरांच्या पोटावर पाय द्यायचं ठरवलं, तेही हसतमुखानं. दीर ज्यांच्याकडे जायचे, नेमक्या त्यांच्याच गोठ्यात ती आधी हजर. व्यायच्या आधीचे तीन आठवडे लसूणघास बंद ठेवा, बाईंनी दिलेलंच क्षारमिश्रण चारा, व्याल्यावर दोन दिवस कास पुरती रिकामी करू नका. गाई बसायच्या थांबल्या. दिरांना कुणी बोलावेना. ते ओट्यावर नुसते बसलेले दिसले, की तिला जेवण गोड लागायचं.

सहाव्या वर्षी दीर स्वतः तिच्या दारात आले. त्यांचीच गाय बसली होती. तिनं चपला मुद्दाम सावकाश घातल्या.

गोठ्यात शेजारपाजार जमला होता, तिचा नवराही होता. तिनं कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात ठेवली, गाईच्या मानेची शीर चाचपली आणि सुई हातात धरून थांबली.

"दादा, माझी तांबडी कशानं गेली?"

"आत्ता ते कशाला?"

"आत्ताच."

दिरांनी गाईकडे पाहिलं. "काढा छातीत गेला. मी ओतला होता."

"तुमच्या भावाला ऐकू गेलं नसेल."

त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. नवऱ्यानं मान खाली घातली. तेव्हा कुठं तिनं सुई टोचली.

औषध ती अगदी हळूहळू सोडत होती, दुसऱ्या हातानं काळजाचे ठोके बघत. दीर म्हणाले, जरा भरभर सोड. तिनं वर न बघताच सांगितलं, की घाई केली तर काळीज बंद पडतं. अर्ध्या तासानं गाय थरथरली, मग ढेकर देऊन, शेण टाकून धडपडत उभी राहिली.

दिरांनी हात जोडले. झालं गेलं विसरून जा, म्हणाले. तिनं नळी गुंडाळली, हात धुतले.

"गाय वाचवायचं माझं काम होतं," ती म्हणाली. "विसरायचं नाही."

आता दर महिन्याला गोठ्यांच्या पाहणीला दूध संस्थेचं कुणीही जाऊ शकतं. दिरांच्या गोठ्यात मात्र ती स्वतःच जाते. फाटक त्यांनाच उघडावं लागतं.