फक्कीचं वर्तुळ

दुर्बीण तिवईवर चढवण्याआधी काका डोक्यावरची टोपी काढत, मान खाली घालत आणि हलक्या आवाजात म्हणत, "बापा, जागा तुझी. आम्ही नुसती मापं घेतो." मग टोपी परत चढवून लांबच्या मजुरावर खणखणीत ओरडत, "डंडा सीधा पकड़ो, भैया!"

गुडगावच्या शेतांचे तेव्हा सेक्टर होत होते. मी पुण्याहून एका बिल्डरच्या नोकरीला आलेला नवाकोरा इंजिनिअर. काका सरकारी खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले सर्व्हेअर. मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, राहायला दिल्लीत, मयूर विहारला. साइटवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे भांडायलाही एकमेकांशिवाय कोणी नव्हतं.

संध्याकाळची बस चुकली की माझा जीव खालीवर व्हायचा. काका रस्त्याच्या कडेला शांत उभे. "सोय होते रे." आणि खरोखर एखादा दुधाचा टेम्पो थांबायचा.

"काका, ही देवाची नाही, तुमच्या पांढऱ्या केसांची कृपा," मी चिडवायचो.

"आणि केस पांढरे कोणी केले?"

अशा माणसाशी वाद कसा घालायचा, तुम्हीच सांगा.

त्या एप्रिलमध्ये मुख्य रस्त्याची आखणी चालली होती. चुन्याची फक्की मारता मारता काका एकदम थांबले. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी होती. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत नुसती किंचाळत होती. काकांनी अंड्यांभोवती फक्कीचं मोठं वर्तुळ आखलं, खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली.

"महिनाभर लागेल. पिल्लं निघाली की त्याच दिवशी चालायला लागतात. तोवर पलीकडून काम घे."

"काका, ही काय जागा झाली अंडी घालायची?"

"तिनं विश्वासानं घातली. देव काही खाली उतरून बुलडोझर थांबवत नाही. माणूस पाठवतो. इथं तुला पाठवलंय."

मी बरं म्हणालो. शब्दच दिला म्हणा ना. रोज जेवणाच्या सुट्टीत काका लांबून बघून येत. "बसलीय," एवढंच सांगत आणि डबा उघडत.

तिसऱ्या आठवड्यात साइटवरच त्यांच्या छातीत कळ आली. जीपमध्ये घालताना घामानं भिजलेल्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं. "वर्तुळाकडे बघ रे."

दोन दिवसांनी मोठे साहेब आले. रविवारी गिऱ्हाइकं जागा बघायला येणार होती, त्याआधी रस्ता रस्त्यासारखा दिसायला हवा होता. ठेकेदार म्हणाला, "साब, चिड़िया का क्या है, दूसरा घर बना लेगी." मी फक्त म्हणायला हवं होतं, आठ दिवस थांबा. नोकरी गेली नसती. फार तर सगळे हसले असते. त्या हसण्याला मी घाबरलो. मान हलवली. बुलडोझर फिरला. टिटवी दिवसभर ओरडत राहिली आणि मी साइट ऑफिसचं दार लावून आत बसलो.

रविवारी इस्पितळात गेलो. काकू उशाशी बसल्या होत्या. काकांच्या नाकात नळी होती. त्यांनी आधी तेच विचारलं.

"निघाली?"

"निघाली, काका. चारही."

"चालत गेली?"

"आईच्या मागं मागं. नाल्याकडे."

त्यांनी एका हातात काकूंचा हात घेतला, दुसऱ्यात माझा. डोळे मिटले. "बापा, पाखराची काळजी घेतलीस, तुझे उपकार. या मुलाला वेळेवर तिथं उभं केलंस, तुझे उपकार." काकू आमेन म्हणाल्या. मीही म्हणालो.

बरे झाले की खरं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. बुधवारी ते गेले. आज इतक्या वर्षांनीही मला त्या आमेनची लाज वाटते.

पंधरा दिवसांनी काकू साइटवर आल्या. पांढरी साडी, हातात पाण्याची बाटली, दोन बसा बदलून.

"शेवटचे तीन दिवस ज्याला त्याला पिल्लांचंच सांगत होते. नर्सला, झाडूवालीला. म्हटलं, एकदा बघून यावं. तो नाला दाखव मला."

रस्त्यावर खडी पसरून रोलर फिरला होता. काकू त्या खडीवरून सावकाश चालत आल्या आणि मध्येच उभ्या राहून नाल्याकडे बघू लागल्या.

"दिसत नाहीत रे कुठं."

"मोठी झाली असतील, काकू."

"हो, झालीच असतील." त्यांचा चेहरा उजळला. पदर डोक्यावर घेऊन तिथंच, भर उन्हात, त्यांनी प्रार्थनेसाठी मान खाली घातली.

वर्तुळ नेमकं तिथंच होतं, त्यांच्या पायांखाली.

मी त्यांचा दंड धरला. "काकू, इथं नको," मी म्हणालो. "ऊन फार आहे. जरा पुढं या."