माडाला डोळे असतात

सल्ला देण्यात माझा हात कुणी धरला नसता. घराला चिरा कुठल्या खाणीतला घ्यावा, कौलं कधी परतून घ्यावीत, पावसाळ्यात स्कूटर कुठं ठेवावी, सगळं मला ठाऊक. म्हणजे आमच्या वाडीला तसं वाटायचं आणि मला तर वाटायचंच. त्यात मी मोटार घेतली. जुनी, पण वाडीतली पहिलीच. मग काय, स्वर्ग दोन बोटं उरला.

नेमका त्याच वर्षी माझा मेहुणा, बायकोचा एकुलता धाकटा भाऊ, विमा एजंट झाला. पूर्णगडला सासूबाईंजवळ तोच काय तो होता. पावसाळ्याआधी गिऱ्हाइकं जमली नाहीत तर मुंबईला जाऊन नोकरी धरायची, असं त्यानं ठरवलेलं. बायकोच्या जिवाला त्याचाच घोर. मुंबईला गेलेला माणूस मग गणपतीला आणि शिमग्यालाच दिसतो, हे तिनं भावकीत पाहिलं होतं.

तो पहिला माझ्याकडेच आला. ओटीवर टेकून म्हणाला, "भावोजी, गाडीचा फुल विमा करा. नुसत्या थर्ड पार्टीत तुम्ही दुसऱ्याला ठोकलंत तर त्याची भरपाई होते. तुमच्या गाडीचं काही झालं तर छदाम मिळायचा नाही."

"अरे, गाडी उभी असते माडाखाली, सावलीत. तिला काय होणार?"

"नारळ पडला तर?"

कोकणात जन्मलेल्या माणसानं हे विचारावं? "माडाला डोळे असतात," मी म्हटलं. "या वाडीत आजवर कुणाच्या डोक्यात नारळ पडलेला नाही."

इथं गप्प बसलो असतो तर बरं होतं. पण ओटीवर आणखी चार माणसं होती, आणि चार माणसं दिसली की माझी जीभ वळवळते. विमा म्हणजे भित्र्यांचे लाड, असं त्यांनाही पटवून दिलं. झालं. मेहुणा ज्याच्या दारात जाई, तो त्याला माझंच वाक्य ऐकवी. बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. आमटी वाढायची, पण वाटी दाणकन आपटून.

मेच्या अखेरीस मेहुणा निरोप घ्यायला आला, एस.टी.चं तिकीट काढूनच. बायको चहा ठेवता ठेवता पदरानं डोळे पुसत होती. मला स्वतःची लाज वाटत होती. पण सल्लागारानं माघार कशी घ्यायची? मी त्याला मुंबईत खोली कशी शोधावी ते समजावायला घेतलं. तेवढ्यात दारापुढच्या खळ्यात, गाडी उभी होती तिथं, धाडकन आवाज झाला.

पुढची काच फोडून नारळ आत गेला होता आणि माझ्या सीटवर बसला होता, चांगला सालासकट.

वाडी गोळा झाली. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. शेजारच्या काकांनी मेहुण्याला बाजूला घेऊन विचारलं, "आमच्या घराचा करशील काय रे? वादळात कौलं उडतात." मग स्कूटरवाला पुढे झाला. मेहुणा शांतपणे सांगत होता, काय भरून मिळतं आणि काय मिळत नाही ते आधी विचारून घ्या, पॉलिसी हातात आली की वाचा, आणि नारळ तयार झाले की उतरवून घ्या. संध्याकाळी तो स्टँडवर तिकीट परत करून आला.

नवी काच कोल्हापूरहून यायची होती, अर्थातच माझ्या खर्चानं. मी ती मागवायला निघालो तर मेहुणा म्हणतो, "भावोजी, एवढ्यात बदलू नका. लोकांना दाखवायला बरी पडते."

बायकोनं तोच नारळ फोडून रस काढला आणि भावासाठी शिरवळ्या, त्या तांदळाच्या शेवया, केल्या. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. मला वाढताना म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून माझ्या माहेरासाठी तुमच्या हातून झालेलं हे पहिलं चांगलं काम."

मी खाली मान घालून जेवलो. माडाला डोळे असतात यावर माझा आजही विश्वास आहे. गाडीत मी कुठं बसतो ते त्याला बरोबर दिसलं होतं.